तो पुतळा नव्हता

४ जून

बटण,

रविवारच्या पुरवणीतला तुझा लेख वाचला. दोनदा वाचला. पहिल्यांदा चहा घेता घेता, दुसऱ्यांदा उभ्याने, कारण बसवेना.

‘ठिणगी आणि पोलादी हात’ हा सिनेमा चौतीस वर्षांनी पुन्हा थिएटरात येतोय आणि त्याची टर उडवायचं काम पेपरने तुला दिलं, इथवर ठीक. तुझं ते पोटापाण्याचं काम आहे. खलनायकाचा पोलादी हात म्हणजे चंदेरी रंग फासलेला जाड हातमोजा आहे, हे तू बरोबर ओळखलंस. पाणबुडी प्लायवूडची आहे, बरोबर. हेरबाई ठिणगी लिपस्टिकमधून फोन करते, तेही बरोबर. पण पुढे तू लिहिलंस:

‘कळस म्हणजे हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरून ठिणगीने मारलेली उडी. खाली येतो तो सोनेरी झगा घातलेला एक पुतळा. दिग्दर्शकाला त्याच्या पायात धड सँडलही चढवता आले नाहीत. कॅनव्हासचे बूट स्पष्ट दिसतात.’

ते बूट माझे होते. शाळेत पी.टी.च्या तासाला घालायचे ते. आदल्या दुपारी मी स्वतः मांडी घालून बसले आणि त्यांना सोनेरी रंगाचे दोन हात दिले.

तो पुतळा नव्हता. ती मी होते.

पडता पडता पुतळा हात छातीशी घेतो का गं? मान आत ओढतो का? एवढं तरी दिसायला हवं होतं तुला. सिनेमाचं परीक्षण लिहितेस, म्हणजे डोळ्यांचंच खातेस ना?

तुला लहानपणापासून सांगत आलो की आत्या शाळेच्या जिन्यावरून घसरली, म्हणून ती पाय ओढत चालते. नाही घसरले मी. मी उडी मारली होती.

तू हसलीस याचा राग नाही. त्या सिनेमाला सगळ्यांत आधी आम्हीच हसलो, तो करताना. राग याचा आहे की तू न बघता हसलीस. एकच विचारते, आणि खरं उत्तर दे. तू सिनेमा पूर्ण पाहिलास का?

आत्या

११ जून

आत्या,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. सगळ्यांच्या देखत फोडलं आणि मग जिन्यात जाऊन पुन्हा वाचलं.

हो, पाहिला पूर्ण. माझं काम मी नीट करते.

आता माझं ऐक. सहा वर्षांची असताना मी तुझ्यामागून तुझ्यासारखी पाय ओढत चालायचे आणि तू खो खो हसायचीस. शाळेत निबंध लिहिला होता, ‘माझी आत्या आणि दुष्ट जिना’. त्याला बक्षीस मिळालं, बाबांनी तो फ्रेम करून लावला! एवढी वर्षं तुम्ही मोठी माणसं माझ्यासमोर नाटक करत होता आणि आज मला विचारतेस, तुला दिसलं कसं नाही? तू दाखवलंस का कधी?

आणि स्पष्टच सांगते, सिनेमा वाईट आहे. आपलं माणूस त्यात असलं म्हणून तो चांगला होत नाही. खलनायक आठ मिनिटं आपला बेत समजावून सांगतो, तेही मांडीवर बदक घेऊन. बदक, आत्या! त्या लेखातलं एक वाक्य चुकलं, पुतळ्याचं. त्याची माफी मागते. बाकीच्या लेखाची मागणार नाही.

पण काय झालं ते मला सांग. सगळं. बाबांना माहीत होतं का? दर सुट्टीत तुझ्याकडे आलो की ते त्या जिन्याला शिव्या घालायचे. कठडा बसवा म्हणून त्यांनी अर्जसुद्धा केला होता, मला आठवतंय.

फोन करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कुणालाच काही कळत नाही.

तुझी भाची

१७ जून

बटण,

विचारलंस म्हणून सांगते. हे तुझ्यासाठी आहे, तुझ्या पेपरसाठी नाही, एवढं डोक्यात ठेव.

मी अठ्ठावीसची होते. मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुली मला शिट्टीबाई म्हणायच्या. तुझे बाबा, म्हणजे दादा, तेव्हा त्याच शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सिनेमावाल्यांनी शाळेचं मैदान चार दिवस वापरायला घेतलं. दिग्दर्शकाला सगळे भोंगा म्हणायचे, कारण हातात कर्णा नसला तरी तो कर्ण्यातून ओरडल्यासारखाच बोलायचा. त्याच्या हिरॉइनला दोरीवर चढता येईना. मी कुंपणाशी उभी राहून बघत होते. शेवटी न राहवून म्हटलं, “अहो, तिला दोरी पायाच्या घडीत धरायला सांगा.”

“तुम्ही दाखवा!” भोंगा ओरडला.

मी चपला काढल्या आणि चढून दाखवलं. खाली उतरले तेव्हा मी सिनेमात होते.

पुढचे चाळीस दिवस ठिणगीची पाठ, ठिणगीचे पाय, ठिणगीची सावली, सगळी मी. शिक्षकांनी बाहेरचं काम करायचं नाही असा शाळेचा नियम होता, म्हणून घरी सांगितलं की शिबिर आहे. इतकी कधी हसले नव्हते मी आयुष्यात. खलनायक झालेला गृहस्थ खरा दातांचा डॉक्टर होता. शॉट लागेपर्यंत तो सगळ्यांचे दात तपासायचा, हातात तो पोलादी मोजा घालूनच. तू ज्या बदकाला नाकं मुरडलीस, ते बदक त्या आठ मिनिटांच्या भाषणात त्याच्या कानाला कडकडून चावतं. बघ पुन्हा. तो न थांबता “आणि मग संपूर्ण जग माझ्या मुठीत” म्हणतो, डोळ्यांत पाणी आणून. भोंग्याने तोच शॉट ठेवला. म्हणाला, “याच्याइतका दुष्ट माणूस मला परत मिळणार नाही.”

बटण, तो सिनेमा मूर्ख आहे. पण आळशी नाही. त्यातल्या एकेका मूर्खपणासाठी कुणीतरी दिवसभर उन्हात राबलंय. पाणबुडी पाण्यात घातली की रंग सुटायचा. दोन सुतार कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून शॉटमागून शॉट ती रंगवत होते. असं वेड्यासारखं, जीव तोडून, कुणाला पटणार नाही हे माहीत असूनही केलेलं काम मी नंतर कुठेच बघितलं नाही. शाळेत तर नाहीच.

उडी शेवटच्या आठवड्यात होती. अर्धवट बांधलेलं हॉटेल, चौथा मजला, खाली ट्रक आणि त्यात रिकामी खोकी रचलेली. ट्रक हातभर सरकला होता. मी खोक्यांवर पडले, पण कंबर फळीवर आपटली. खुबा मोडला.

हॉस्पिटलात दादा आला. मी शुद्धीवर येत होते. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं, आणि माझ्याआधी तोच म्हणाला, “शाळेच्या जिन्यावरून पडली.” शाळेच्या नोंदवहीतही तेच लिहिलं. त्यामुळे नोकरी राहिली. पी.टी. गेली, मला वाचनालयात बसवलं. तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले.

पण त्याच्यावर मी कधी चिडले नाही. चिडले ती भोंग्यावर. त्याने मला शब्द दिला होता की शेवटी नावं येतात त्यात माझं नाव स्वतंत्र ओळीत येईल. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी कुबड्या घेऊन गेले. शेवटपर्यंत थांबले. सुतारांची नावं आली. चहावाल्याचं आलं. बदक सांभाळणाऱ्याचंसुद्धा आलं. माझं नाही. दिवे लागले तरी मी पडद्याकडे बघत होते, झाडूवाली येऊन म्हणाली, ताई, संपला.

नंतर भोंगा दोनदा घरी आला. मी दार उघडलं नाही. आतून म्हटलं, “जा.” दुसऱ्यांदा तेवढंही म्हटलं नाही.

झालं. कळलं आता? आता मला पुन्हा विचारू नकोस, मला ते सांगायला आवडत नाही.

आत्या

१ जुलै

काय केलंस हे?

मी लिहिलं होतं, पेपरसाठी नाही. तुला अक्षर लागत नाही का माझं? रविवारी सकाळी पुरवणी उघडते तर पानभर मथळा: ‘त्या उडीची किंमत’. आणि खाली मी. ‘निर्दय दिग्दर्शकाच्या हट्टापायी उमलतं आयुष्य अपंग झालेली माझी आत्या.’ उमलतं आयुष्य! कुठून आणतेस असले शब्द?

शेजारीण दुपारी काठी घेऊन आली. नवी कोरी, रबरी बुडाची. वीस वर्षं ती मला पाय ओढत बाजाराला जाताना बघतेय, कधी हूं का चूं केलं नाही, आणि रविवारी काठी! काल दुकानात एक अनोळखी बाई माझा हात धरून रडली. माझ्या हातात अंडी होती, मला हातही सोडवून घेता येईना. शाळेतून नव्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. “बाई, त्या जिन्याला आम्ही इतकी वर्षं कुलूप लावून ठेवलंय हो तुमच्यामुळे.” ती हसत होती म्हणून बरं. दादाने मात्र फोन केला नाही. त्याला काय वाटलं असेल ते तूच बघ.

पहिल्या लेखात तू मला पुतळा केलंस. दुसऱ्यात बिचारी केलंस. पुतळा परवडला. निदान त्याची कुणी कीव करत नाही.

आता एक ऐक, जे मागच्या पत्रात मी लिहिलं नव्हतं. पहिली उडी चांगली झाली होती. खोक्यांच्या बरोबर मधोमध पडले होते, एक ओरखडा नाही. भोंगा म्हणाला, “झालं, पॅकअप.” मीच नाही म्हटलं. माझा चेहरा कॅमेऱ्याकडे वळला होता. ती ठिणगी वाटली नसती, मी वाटले असते. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. तो नको म्हणत होता. मी त्याच्याशी भांडले, चार जिने चढले आणि पुन्हा उडी मारली. तुझ्या ‘निर्दय दिग्दर्शकाने’ मला ढकललं नाही. ते काम माझं होतं आणि ते मला नीट हवं होतं. तुला हे कळणार नाही, कारण तू ज्या कामाबद्दल लिहितेस ते बघायलासुद्धा तुला वेळ नाही.

भोंग्यावर राग मला आहे, नावासाठी. तो माझा आहे. तू त्याच्या तोंडाला काळं फासायचं कारण नव्हतं. मेलाय तो.

पुन्हा माझ्याबद्दल एक ओळ छापलीस तर मला पत्र लिहू नकोस.

१५ जुलै

आत्या,

लिहू नकोस म्हणालीस ते छापलं तर. मी काही छापलेलं नाही, म्हणून लिहितेय. हे पत्र फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच, यात एक कागद आहे.

आधी खोटं कबूल करते. मी सिनेमा पूर्ण पाहिला नव्हता. ऑफिसात लॅपटॉपवर पुढे ढकलत ढकलत पाहिला, चाळीस मिनिटांत, सँडविच खात. तू पहिल्याच पत्रात ओळखलंस आणि मी तोंड वर करून हो म्हटलं. दुसरा लेख लिहिताना वाटलं, आता तुला न्याय मिळवून देते. खरं तर मला पहिल्या लेखाची लाज वाटत होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकायची होती. भोंगा मेलेला होता, सोपा होता.

शनिवारी दुपारच्या खेळाला गेले. स्वतः तिकीट काढून, मधल्या रांगेत. थिएटर भरलं होतं, आत्या. अर्ध्या लोकांना संवाद पाठ. खलनायक “आणि मग” म्हणाला की सगळं थिएटर एका सुरात “संपूर्ण जग माझ्या मुठीत!” बदक चावलं तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा खुर्चीतून घसरले. मी हसले, पोट दुखेपर्यंत. लेख लिहिताना हसले होते तसं नाही. तेव्हा मी वर उभी राहून हसत होते. परवा त्यांच्यात बसून हसले. त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी मला पहिल्यांदा दिसलं, आणि तरी तो बोलतच राहतो! कोण करतं असं?

मग उडी आली. कुणी हसलं नाही. तू खाली येतेस, हात मिटतेस, मान आत घेतेस, आणि मग टाळ्या. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटत होतं.

खेळ संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ दाराशी उभे होते. तुझ्या सिनेमाचे संकलक, ऐंशी वर्षांचे. प्रिंट त्यांनीच साफ करून दिली आहे. लेखावरच्या फोटोवरून ओळखून त्यांनी विचारलं, “शिट्टीबाईंची भाची तूच का?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “तुझा लेख अत्यंत खोटा आहे.” तिथेच, लोकांसमोर. मग म्हणाले, घरी चल.

भोंग्याचे सगळे कागद त्यांच्याकडे आहेत. त्यांनी मला शेवटच्या नावांची यादी दाखवली. त्यात तुझं नाव आहे, आत्या. सगळ्यांत शेवटी, स्वतंत्र ओळीत: ‘आणि चौथ्या मजल्यावरून, दोनदा’ आणि पुढे तुझं पूर्ण नाव. त्यावर लाल रेघ मारलेली आहे. यादीला एक पत्र टाचलेलं आहे. त्याची झेरॉक्स सोबत पाठवतेय. अक्षर तुला ओळखू येईल.

‘माझ्या बहिणीचे नाव कोणत्याही परिस्थितीत पडद्यावर येऊ नये. तिची तशी स्पष्ट इच्छा आहे. तिला भेटून अधिक मनस्ताप देऊ नये.’

संकलक म्हणाले, तरीही भोंगा तुझ्या घरी गेला होता. तिच्या तोंडून एकदा ऐकू दे, मग पुढच्या प्रिंटमध्ये नाव घालतो म्हणत होता. दोनदा जाऊन आला आणि म्हणाला, “खरंच आहे रे. तिला माझं तोंड बघायचं नाही.” मग त्याने तो विषय काढला नाही.



बटण

२० जुलै

बटण,

झेरॉक्स मिळाली. अक्षर दादाचंच. ‘मनस्ताप’ मधला ‘स्ता’ तो अजून तसाच काढतो.

नऊ वर्षांपूर्वी भोंगा गेल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा मी बटाटे सोलत होते. त्याचा फोटो होता. त्याच पानावर सालं टाकली आणि गुंडाळून फेकून दिली. तेव्हा बरं वाटलं होतं मला.

सकाळपासून तेच डोळ्यांसमोर आहे.

तू बाबांना फोन करू नकोस. हे माझं आहे. आणि तो सिनेमा मला कशावर तरी घालून पाठव. टीव्हीला लागेल असा.

आत्या

२४ जुलै

आत्या,

तुझं पत्र यायच्या आधीच फोन केला होता. रागावू नकोस. किंवा रागाव, तुझा हक्क आहे.

ते आधी म्हणाले, कसलं पत्र? मी वाचून दाखवलं. मग चढ्या आवाजात सुरू झाले: “नोंदवहीत मी स्वतःच्या हाताने जिना लिहिला होता. पडद्यावर नाव आलं असतं तर दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तू पाळण्यात होतीस. तिला विचार, तिची पेन्शन कुणामुळे आहे?”

मी म्हटलं, “बाबा, नाव काढायला सांगितलंत, ते एकवेळ समजू शकते. पण ती चौतीस वर्षं मनात त्या माणसाला शिव्या घालत होती आणि तुम्ही तिच्यासमोर बसून जिन्याला घालत होता. कठड्यासाठी अर्जसुद्धा केलात! मी पाहिलंय.”

ते म्हणाले, “जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं तुम्हाला?”

मी फोन ठेवला. आईचे चार फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. मला त्या घरात पाऊल ठेवायचं नाही. तो फ्रेममधला निबंध भिंतीवर असेपर्यंत तर नाहीच.

पेन ड्राइव्ह पाठवतेय. टीव्हीच्या मागे खाच असते, त्यात लाव. रिमोटवर डावीकडचा बाण दाबलास की मागे जातं.

बटण

९ ऑगस्ट

बटण,

हे पत्र तुझ्या आईबाबांच्या घरून लिहितेय, तुझ्या जुन्या टेबलावर. तीन दिवस झाले इथे येऊन.

न कळवता आले. दार दादानेच उघडलं. मला बघून आधी त्याने माझ्या पायाकडे बघितलं, मग पिशवीकडे. म्हणाला, “फोन करायचास.” मी म्हटलं, “केला असता तर तू घरी नसतास.” आत गेले. तुझ्या आईने पाणी दिलं आणि ती दाराशीच उभी राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, तोंडावर दिसत होतं. तिच्याशी काय ते मी नंतर बोलले.

दादाने सुरुवात केली. नोकरी, पेन्शन, नोंदवही, तुला सांगितलं तेच सगळं, त्याच क्रमाने. पाठ केल्यासारखं. मी मध्ये बोलले नाही. तो दमला तेव्हा विचारलं, “तू सिनेमा पाहिलास?”

“कुठला?”

“माझा.”

“नाही.”

चौतीस वर्षांत एकदाही नाही. तू निदान चाळीस मिनिटं तरी पाहिला होतास, सँडविच खाऊन का होईना.

मी म्हटलं, “बस.” सत्तरीचा माणूस, पण बसला. मी टीव्हीच्या मागे चाचपून तुझा पेन ड्राइव्ह लावला. मीसुद्धा सिनेमा पहिल्या खेळानंतर पाहिला नव्हता.

सुरुवातीला तो भिंतीकडे बघत होता. मग दातांच्या डॉक्टरांचं भाषण आलं. बदक चावलं आणि दादा हसला. अगदी फुटला. तोंडावर हात धरला तरी खांदे हलत होते. तुझी आई आतून बघायला आली की काय झालं. माझ्याकडे बघून त्याने हसू आवरलं, पण पाणबुडी पाण्यात शिरताना पुन्हा फुटलं. मीही हसले. रागाने अंग तापलेलं असताना हसता येतं हे मला माहीत नव्हतं. राग काही कमी होत नाही, बरं का. उलट वाढतो. हे सगळं आपण दोघांनी तेव्हाच मिळून बघितलं असतं, पहिल्या आठवड्यात, माझ्या कुबड्या बाजूच्या खुर्चीवर ठेवून, या विचाराने तर माझं डोकंच फिरलं.

मग हॉटेलचा चौथा मजला आला. मी पडद्याकडे बघत नव्हते, दादाकडे बघत होते. ठिणगी कठड्यावर चढली आणि त्याने डोळे मिटले.

मी बाण दाबून मागे नेलं. “डोळे उघड.”

“पाहिलं मी.”

“नाही पाहिलंस.”

पुन्हा लावलं. पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा तो उठायला लागला, मी म्हटलं, “दादा, उठलास तर मी या घरात परत येणार नाही, आणि मी तुझ्या मुलीसारखी नुसती म्हणत नाही.” बसला. चौथ्यांदा मान वळवली. पाचव्यांदा चष्मा काढला, ते मला चालणार नव्हतं, मी त्याच्या नाकावर परत चढवला. सहाव्यांदा अर्ध्यापर्यंत बघितलं. तुझी आई दारातून म्हणाली, “अहो, बघा ना एकदाचं.” ती रडत होती. मी नव्हते.

सातव्यांदा त्याने डोळे उघडे ठेवले. कठड्यापासून खोक्यांपर्यंत सगळं बघितलं. मी चित्र तिथेच थांबवलं.

टीव्हीकडेच बघत दादाने विचारलं, “भीती वाटली होती?”

चौतीस वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाहीस.

मी म्हटलं, “उडी मारताना नाही वाटली. पहिलीला नाही आणि दुसरीलाही नाही. हॉस्पिटलात तू डॉक्टरांना ‘जिना’ म्हणालास आणि मी होय म्हणून मान हलवली, तेव्हा वाटली.”

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी हाताने थांबवलं. मला माफी ऐकायची नव्हती, आणि तो मागणार होता की पुन्हा पेन्शन काढणार होता, हे मला अजून माहीत नाही. तीन दिवसांत त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. सकाळी माझ्यासाठी चहा करतो आणि कप ठेवून निघून जातो. मी तो पिते. माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही, आणि तू यात पडू नकोस. तुझं त्याच्याशी भांडण तुझं तू मिटव, नाहीतर ठेव.

तेव्हा मी एवढंच म्हटलं, “गप्प बस आता. पुढे फुग्यात बसून मारामारी आहे, दोघांच्याही तलवारी वाकतात.” आणि बटण दाबलं.

आत्या